पहाटेची गाडी आणि दहाचं सर्व्हिस सेंटर

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून कामाचं आधी सांगतो. पहाटे चालू व्हायला त्रास देणारी डिझेल गाडी दाखवायची असेल तर आदल्या संध्याकाळीच नेऊन लावा. सकाळी चालवत नेऊ नका. मी तीनदा नेली.

माझी पिकअप दुधाची. गगनबावड्याच्या बाजूच्या चार गावांतले कॅन साडेचारला भरायचे. डिसेंबर लागला तसं सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, आणि आठ-दहा सेल्फनंतर थरथरत एकदाची चालू. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फला.

पहिल्या खेपेला ५० किलोमीटर चालवून कोल्हापुरात सर्व्हिस सेंटरला नेली. इंजिन कडकडीत तापलेलं. ॲडव्हायझरनं चावी फिरवली, गाडी लगेच चालू. "सर, घेतीय की!" दुसऱ्या खेपेला बॅटरी कमजोर आहे म्हणून नवी घालायला लावली. पहाट तशीच. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, रात्रभर ठेवून घ्या आणि गार असताना बघा. तर उत्तर काय, जॉबकार्डाशिवाय, म्हणजे कामाच्या नोंदीशिवाय, गाडी यार्डात ठेवता येत नाही, आणि तक्रार दिसल्याशिवाय जॉबकार्ड उघडत नाही. तक्रार दिसणार पहाटे पाचला, ते शटर उघडणार दहाला! इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या हीटरचं नाव काढलं तर ॲडव्हायझर हसला. "सर, ते बर्फातल्या गाड्यांना. कोल्हापुरात कुठली थंडी? आणि डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा लागून विझतोय, म्हणजे सिस्टीम ओके." दोन तास बाकड्यावर बसून चहा पिऊन परत आलो.

शेवटी उद्यमनगरातल्या एका वायरिंगवाल्याकडं गेलो. त्यानं बॉनेटही उघडलं नाही. "मामा, मुक्कामाला ठेवा. सहाला येतो मी." दूध मेव्हण्याच्या टेम्पोत घातलं.

सकाळी त्यानं जे दाखवलं ते तीन खेपांत कुणी सांगितलं नव्हतं. डिझेलला स्पार्क नसतो, दाबून तापलेल्या हवेतच ते पेटतं. इंजिन आणि हवा दोन्ही गार असली की दाबूनही ऊब पुरत नाही. काही गाड्यांत त्यासाठी प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग असतो. माझ्या गाडीत त्याऐवजी हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी एकच हीटर, शेगडीच्या कॉइलसारखी पट्टी. आत जाणारी हवा तिच्यावरून तापून जाते. सेन्सरला हवा गार लागली तरच कॉम्प्युटर रिलेला, म्हणजे हीटरला करंट जोडणाऱ्या स्विचला, हुकूम देतो. दहाच्या उन्हात, तापल्या इंजिनवर तो हुकूम सुटणार कसा?

त्यानं हीटरच्या जाड वायरीला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि मला चावी फिरवायला सांगितली. रिले 'टक्' वाजला. दिवा लागला. मीटरवर शून्य. काही सेकंदांनी दिवा विझलासुद्धा. "बघा, दिवा फक्त सेकंद मोजतोय. हीटर तापला का नाही, त्याला काय ठाऊक?" रिले फोडला तर आतला काँटॅक्ट जळून कोळसा. आवाज होत होता, करंट पुढं जात नव्हता. नवा रिले टाकला, हीटरवरचा गंजलेला नट घासून आवळला. मीटर नव्वदच्या वर गेला. १२ व्होल्टला ९० अँपिअर म्हणजे हजार वॉटच्या वर, घरच्या इस्त्रीएवढं! खर्च बॅटरीच्या चौथा हिस्सासुद्धा नाही.

हो, एक राहिलंच. गाडी घेत नाही म्हणून कुणी हवेच्या पाईपात स्टार्टिंग स्प्रे मारायला सांगेल. हीटर असलेल्या गाडीत अजिबात नको, तापल्या पट्टीवर तो भडकतो. मी एकदा मारणार होतो, डबा मिळाला नाही म्हणून वाचलो. आणि दिवा विझेपर्यंत थांबायचं, चावी एका दमात फिरवायची नाही. ही सवय मला चाळिशीत लागली.

मीटर नसेल तर गार पहाटे हेडलाइट भिंतीवर पाडून चावी ऑन करा. उजेड मंदावला तर हीटर करंट खेचतोय. चालू झाल्यावरही थोडा वेळ उजेड कमी-जास्त होतो, हीटर मधूनमधून लागत असतो. त्यावरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काढायला देऊ नका. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर रोज बघतो मी.

'कमजोर' म्हणून काढलेली जुनी बॅटरी मी बदल्यात दिली नव्हती. त्याच गोठ्यातला दिवा आणि फवारणीचा पंप ती अजून झकास चालवतीय.