दोन सेन्सर बदलले, बिघाड मात्र अर्थिंगमध्ये होता

माझी गाडी २००५ ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. म्हापसा ते पणजी रोजचं येणं-जाणं. जूनपासून एक प्रकार सुरू झाला, पावसात संध्याकाळी पर्वरीचा चढ चढताना मध्येच स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर, गिअरबॉक्स तिसऱ्यात अडकलेला आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला. बंद करून परत चालू केली की सगळं नीट. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०७१५ आणि पी ०७२० हे कोड, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचं सर्किट. नुसता सेन्सर नाही, सर्किट, म्हणजे त्याची वायरिंगही, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

गॅरेजमध्ये आधी आउटपुटचा सेन्सर बदलला, पंधरा दिवसांनी इनपुटचा, ऑइलही नवीन. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान घेऊन येत होतो, आई मागे बसलेली, धो धो पाऊस, मागे ट्रक आणि गाडीने परत तेच केलं. खूप घाबरलो त्या दिवशी. मेस्त्री म्हणाले, "आता गिअरबॉक्स उघडूनच बघावा लागणार." त्याला मी तयार नव्हतो.

ब्लूटूथवाला स्कॅनर घेतला आणि मी चालवत असताना बायको मोबाईलवर दोन्ही सेन्सरचे आरपीएम बघत बसली. दोन्ही आकडे एकाच क्षणी शून्य झाले! आता ६० च्या स्पीडला चाकं अशी एका झटक्यात थांबत नाहीत, आणि दोन नवे सेन्सर एकदम मरत पण नाहीत, म्हणजे दोघांमध्ये जे कॉमन आहे तिथेच काहीतरी आहे. वायरिंगचा डायग्राम बघितला तर दोघांची अर्थिंग (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वायर) एकच, बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला जोडलेली आणि तिथेच हेडलाईटची पण अर्थिंग येते.

मल्टिमीटरने बीप लावून (वायर सलग असेल तर मीटर वाजतो) बघितलं तर ओके. गॅरेजमध्येही तेच झालेलं, कारण दुपारी सगळं बंद ठेवून तपासलं होतं. मग मीटर व्होल्टवर घेतला, एक टोक सेन्सरच्या अर्थिंगच्या वायरला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. नुसती चावी ऑन असताना ०.०४ व्होल्ट. हेडलाईट लावले, वायपर, एसीचा ब्लोअर चालू केला तर १.६ व्होल्ट! इथे ०.१ च्या वर जायलाच नको. पावसात संध्याकाळीच का व्हायचं ते तेव्हा कळलं, पाणी कुठे शिरत नव्हतं, दिव्यांचा लोड त्या एका खराब जोडावर यायचा आणि सेन्सरचा सिग्नल कॉम्प्युटरला कळतच नव्हता.

बोल्ट काढला तर वायरचं टर्मिनल हिरवं पडलेलं, खालचा पत्रा गंजलेला, आपल्याकडची खारी हवा आणि बॅटरीचं ॲसिड दोन्हीचं काम. पत्रा सँडपेपरने चकचकीत होईस्तोवर घासला, नवीन टर्मिनल क्रिम्प केलं, बोल्ट घट्ट करून वरून ग्रीस. सगळं चालू ठेवून परत मोजलं, ०.०५.

कोड क्लिअर करून पुढच्या रविवारी चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आलो, पाऊस आणि धुक्यात दिवे, वायपर सतत चालू, काटा एकदाही पडला नाही. काढलेले दोन्ही जुने सेन्सर डिकीत जपून ठेवलेत, चांगलेच आहेत ते.