आमची वाटचाल : गवताचा धंदा आणि शाबूत बोटं

एका ब्रश कटरवर (लांब दांड्याच्या टोकाला नायलॉनची दोरी किंवा पातं फिरवून गवत कापणारं इंजिनचं मशीन) धंदा सुरू केला तेव्हा धास्ती होती ती पात्याची. पण पात्यापेक्षा जास्त लागतो तो उडालेला खडा. जळगाव-भुसावळकडचे रिकामे प्लॉट म्हणजे मुरूम, बांधकामाची खडी, कुंपणाच्या तारेचे तुकडे. पावसाळ्यानंतर हे सगळं कंबरभर गाजरगवताखाली दडलेलं. म्हणून आधी एक माणूस काठी घेऊन प्लॉट फिरतो, तारा-बाटल्या वेचतो. हा अर्धा तास आम्ही दरातच धरतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे. मशीन चालू असताना 15 मीटरच्या आत कुणी नाही.

नायलॉनची दोरी संपली की काहीजण लोखंडी तार लावतात. ती तुटली की तुकडा गोळीसारखा सुटतो; आमच्याकडे हे चालत नाही. गार्ड, म्हणजे फिरत्या दोरीमागचं झाकण, तोही काढायचा नाही. त्याच्या कडेला छोटं पातं असतं, ते वाढलेली दोरी छाटून मापात ठेवतं. गार्ड गेला की दोरी लांबते, इंजिनवर लोड येतो, क्लच (इंजिनची ताकद दोरी-पात्याला जोडणारा भाग) घसरून जळतो आणि खडे थेट नडगीवर.

बाभळीच्या फुटव्यांना स्टीलचं पातं लावतो. चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते घड्याळाच्या उलट फिरतं. पात्यालाच घड्याळाची तबकडी मानलं तर 12 ते 3 एवढ्या भागाला खोड टेकलं की मशीन झटक्यात उसळतं. म्हणून डाव्या अंगाने, उजवीकडून डावीकडे कापायचं. थ्रॉटल (रेसचा खटका) सोडूनही पातं फिरत असेल तर आयडलचा, म्हणजे रेस नसतानाच्या इंजिनच्या वेगाचा, स्क्रू कमी करायचा. तरी थांबेना तर क्लचची स्प्रिंग बघायची, तोवर मशीन गाडीत.

गुंतलेलं गवत काढताना इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची टोपी काढलेली. लॉन मोअरचं (हिरवळ कापायच्या ढकलायच्या मशीनचं) पातं नुसतं हाताने फिरवलं तरी इंजिन उचलू शकतं.

खानदेशच्या उन्हाची गोष्ट वेगळीच. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. घामाने गॉगल धुरकट होतो आणि माणूस तो कपाळावर सरकवतो, डोळा जातो तो तेव्हाच. आम्ही जाळीचं व्हायझर देतो, पण जाळीतून बारीक कचरा येतो, म्हणून आत चष्मा हवाच. डोक्याच्या रुमालाची टोकं शर्टात खोचायची. काम सकाळी 6 ते 10. पेट्रोल भरायचं ते सायलेन्सर गार झाल्यावर. मशीनच्या थरथरीने बोटांना मुंग्या आल्या की मशीन दुसऱ्याच्या हातात.