बारावं गाणं

अमळनेरला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. गाणी भरून घ्यायला आता पोरंसोरं येत नाहीत. येतात ते सालदार, ट्रॅक्टरवाले आणि मेमरी कार्डचा छोटा स्पीकर बाळगणारी म्हातारी माणसं. त्यांना गाण्याचं नाव सांगता येत नाही, ‘चांगली चांगली भर’ म्हणतात. मी चेहरा बघून भरतो. या गोष्टीचा मला जरा माजच होता म्हणा.

आखाजीच्या आधी पारोळ्याकडचे एक आप्पा आले. महिन्यापूर्वी बायको वारलेली. "गाना अटकतस, भाऊ," म्हणत त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं. मी ते सरळ फॉरमॅट केलं. माणूस दुःखात आहे म्हणून विरहाची, रडवेली, वर थोडी भजनं अशी 700 गाणी भरली. पैसेही घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आप्पा परत. "हाई काय भरं तू? माले पहिलानाच गाना जोयजेत."

पहिली म्हणजे लग्नात बँडवर वाजतात तसली धांगडधिंग्याची अहिराणी गाणी. मला विचित्रच वाटलं. मग कळलं, त्यांना क्रम हवा होता. हे स्वस्तातले स्पीकर गाण्याचं नाव बघत नाहीत. कार्डात जे आधी उतरलं, ते आधी वाजतं. चार वर्षं त्यांच्या चुलीजवळ एकच क्रम वाजत होता. आधी आरती, तिच्या पाठोपाठ थेट नाचाचं गाणं, मग कानबाईचं, मग एक मध्येच तुटणारं. कुठल्या गाण्याला पीठ मळून व्हायचं, कुठल्याला शेवटची भाकर तव्यावर पडायची, आप्पांना सगळं पाठ.

रिकव्हरी लावून पाहिली. पण वर 700 गाणी ओतल्यावर खाली काय उरणार? जे निघालं त्याची नावं उडालेली, निम्मं फुटकं. ‘डिलीट झालेलं सगळं परत मिळवा’ असे व्हिडिओ टाकणाऱ्यांना एकदा माझ्या काउंटरवर बसवलं पाहिजे.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने नंतर सांगितलं, 2014 साली छापून आलेल्या एका पाहणीत 772 लोकांना विचारलं होतं की दुःखी संगीत ऐकून काय वाटतं. दुःखापेक्षाही जास्त वेळा आली ती जुन्या दिवसांची हुरहुर. ठीक आहे, पण ते झालं दुःखी संगीताचं. आप्पांचे डोळे भरले ते हळदीच्या नाचगाण्यावर. हे कुठे बसवायचं, भाचीलाही सांगता येईना.

त्या दिवशी आम्ही दोन तास बसलो. आप्पा गुणगुणायचे, मी शोधून एकेक गाणं कॉपी करायचो. सगळी एकदम टाकली की क्रमाची खात्री नाही. अकरा झाली आणि आप्पा थांबले.

"बारावं ती वाजूच दे नही. सुरू व्हयनं का बटन दाबी दे. कोन्तं व्हतं, माले म्हाईत नही."

"मग काय भरू, आप्पा?"

"कोन्तंबी भर. मी दाबी दिसू."