शिंपला उताणा ठेवून पाहताना

रत्नागिरी आणि मालवणच्या किनाऱ्यांवर पंधरा वर्षे वेचलेले शिंपले माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात पडून होते. गेल्या पावसाळ्यात मी ते गोड्या पाण्यात भिजवले, मऊ ब्रशने घासून सावलीत वाळवले आणि त्यांची ओळख पटवायला बसले.

पहिले काही दिवस रंग आणि नक्षी पाहून गट पाडले, आणि तेथेच चुकले. बाजारातल्या तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) एकाच वाट्यात पिवळट, तपकिरी, नागमोडी रेघांचे आणि अगदी कोरे शिंपले निघतात; शिवाय लाटांनी घासलेल्या कवचावर मूळ रंग उरतच नाही. म्हणून मी प्रत्येक शिंपला उताणा ठेवून भिंगातून त्याची बिजागरी, म्हणजे कवचाचे दोन भाग (पुटे) जिथे जुळतात ती कड, पाहू लागले. सरळ रेषेत कंगव्यासारखे बारीक, एकसारखे दात दिसले की तो आर्क कुळातला. प्रत्येक पुटात बिजागरीजवळच्या टोकाखाली तीन मुख्य दात असले की तिसऱ्यांच्या व्हेनेरिडी कुळातला. कवच ओबडधोबड, दात नाहीत आणि स्नायूचा एकच मोठा वण असला, तर ते कालव.

सर्वांत जास्त वेळ गेला तो डावे-उजवे पुट ठरवण्यात; त्यासाठी आधी पुढची-मागची बाजू कळावी लागते. पाचरीच्या आकाराच्या डोनॅक्स या शिंपल्याची लांब बाजू मी मागची समजत होते. पण आतल्या कडेने जाणाऱ्या प्रावाररेषेची, म्हणजे प्राण्याच्या मऊ आवरणाच्या कवचावरील खुणेची, खाच आखूड बाजूकडे उघडत होती. प्राणी पाणी आत-बाहेर करणाऱ्या आपल्या नळ्या आत ओढून घेतो ती ही जागा, आणि नळ्या मागच्या टोकालाच असतात. त्यामुळे आखूड बाजू हीच मागची. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागल्या, तरी त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण खाच जितकी खोल तितक्या नळ्या लांब, आणि वाळूत खोल राहणाऱ्या जीवाचा हा पुरावा रिकाम्या कवचातही टिकून राहतो, हे तेव्हा मला प्रथमच कळले.

नावांचेही असेच झाले. सुमारे १८ दाणेदार फासळ्यांच्या एका शिंपल्याला निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये आर्का ग्रॅनोसा म्हटले, पुढे तो अनाडारा झाला आणि आज टेगिलार्का ग्रॅनोसा आहे. चिठ्ठीवर मी तिन्ही नावे लिहिली.

ज्यांचा किनारा आठवत नाही असे शिंपले वेगळ्या खणात आहेत. त्यांच्यावर फक्त कुळाचे नाव आहे, आणि स्थळाची ओळ कोरी ठेवली आहे.