दारातली फट

अमेरिकेतली टपालपेटी अर्धी सरकारची असते. ती रस्त्याच्या कडेला खांबावर बसवायची, तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच, दार कडेपासून ६ ते ८ इंच आत, बाजूला लाल झेंडी. पत्र पाठवायचं असलं की आत ठेवून झेंडी वर करायची. टपालवाला आलेलं टाकतो, जाणारं घेऊन जातो. पेटी आपण विकत घेतलेली, पण शेजाऱ्याने तिच्यात तिकीट न लावता चिठ्ठी टाकली तर कायद्याने गुन्हा. ही सवय अंगात मुरलेला माणूस ओहायोहून किंवा टेक्सासहून नेदरलँड्सला नोकरीसाठी येतो तेव्हा नव्या घराच्या दारात उभा राहून पेटी शोधतो.

पेटी नसते. दारालाच आडवी फट असते. निदान २६.५ सेंटिमीटर लांब, ३.२ सेंटिमीटर उंच, बाहेरून स्प्रिंगचं झाकण आणि आतून वारा अडवायला दोन्ही बाजूंनी ब्रश. पत्र ढकललं की सरळ पायपुसण्यावर. या मापात बसणाऱ्या पार्सलांचा तिथे वेगळा दर आहे, आणि त्या मापात बसतील अशी फुलंसुद्धा चपट्या खोक्यांतून विकली जातात. आम्स्टरडॅमच्या जुन्या इमारतीत एकाच चौकटीत तीन-चार फटी शेजारीशेजारी असतात, प्रत्येकीवर मजल्याचा आकडा आणि नावाची चिठ्ठी. वरच्या मजल्यावरून दोरी ओढून खालचं दार उघडायची सोय असते, पत्र वर चढवायची नसते. त्यासाठी शिडीइतका उभा जिना उतरावाच लागतो. उतरलंच आहे तर ब्रशमध्ये बोटं घालून चाचपावं. पातळ पाकिटं तिथे अडकून बसतात, आणि महत्त्वाची पाकिटं नेमकी पातळ असतात.

जाणारं पत्र मात्र कुणी घेऊन जात नाही. त्यासाठी कोपऱ्यावरच्या नारिंगी पेटीपर्यंत चालायचं. पुष्कळ पेट्यांना दोन तोंडं असतात, एक जवळपासच्या पिनकोडांसाठी, दुसरं उरलेल्या जगासाठी. सोमवारी टपाल वाटत नाहीत. २०१४ पासून मृत्यूची पत्रं आणि वैद्यकीय टपाल तेवढं त्या दिवशी येतं. म्हणून सोमवारी फटीतून काही पडलंच तर ते बहुधा जाहिरातीचं असतं. तेही नको असेल तर दारावर ‘नेय-नेय’चा (नाही-नाही) स्टिकर लावायचा. जाहिराती नकोत पण मोहल्ल्याचं फुकट वर्तमानपत्र हवं असेल तर ‘नेय-या’ (नाही-हो). आम्स्टरडॅमने २०१८ पासून उलटं केलं : जाहिराती हव्या असतील त्यानेच स्टिकर लावायचा. स्टिकरचा मान राखला जातो, हे नवख्याला खरं वाटत नाही.

इथवर सगळं गमतीचं. खरी गोष्ट अशी की ही फट ज्याच्या नावावर नाही तो माणूस नेदरलँड्समध्ये जवळजवळ नसतोच. चार महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याशिवाय बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळत नाही, बीएसएनशिवाय पगार, बँक आणि आरोग्यविमा यांची गाडी पुढे सरकत नाही. घरं इतकी टंचाईची की भाड्याच्या जाहिरातीत ‘नोंदणी होणार नाही’ असं बिनदिक्कत लिहिलेलं सापडतं. घरमालकाने बेकायदा पोटभाडेकरू ठेवलेला असतो, किंवा त्या पत्त्यावर नियमापेक्षा जास्त माणसं कोंबलेली असतात. भाडं शंभर युरो कमी दिसलं म्हणून असलं घर घेऊ नये.

नोंदणीला पासपोर्ट, भाडेकरार आणि जन्मदाखला लागतो. दाखल्यावर ॲपोस्टिल हवं, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. अमेरिकनाची पहिली अडचण इथेच होते. ॲपोस्टिल ज्या राज्यात जन्म झाला त्या राज्याच्या अधिकृत कार्यालयाकडूनच मिळतं. माणूस राहतो सिएटलला, जन्मला जॉर्जियात, तर कागद जॉर्जियाला जायला हवा. दुसरं, कित्येकांकडे दाखल्याची छोटी आवृत्ती असते, तिच्यावर आईवडिलांचा तपशील नसतो, आणि नगरपालिकेला तोच हवा असतो. हे काम निघण्याआधी उरकावं; नंतर अटलांटिकच्या पलीकडून करायचं म्हणजे आठवडे जातात. ज्या करारामुळे हा शिक्का जन्माला आला तो १९६१ साली हेगमध्येच झाला होता, याची आठवण हेगच्या खिडकीवर रिकाम्या हाताने उभं राहिल्यावर फारशी सुखद वाटत नसावी. आम्स्टलव्हेन किंवा आइंडहोवनला गेलेल्या मराठी घरांनाही ॲपोस्टिलचं हे प्रकरण नवं नाही. अमेरिकन पासपोर्टवाल्याला प्रवेशाचा वेगळा व्हिसा लागत नाही, आपल्याला लागतो, एवढाच फरक.

पत्ता लागला की फट बोलायला लागते. पहिलं पत्र डिगिडीचं. सरकारी संकेतस्थळांवर शिरायची ही किल्ली अर्ज केल्यावर पडद्यावर मिळत नाही. चालू करायचा संकेतांक नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. दरम्यान घर बदललं तर तो जुन्या दारात पडून राहतो आणि नवा अर्ज करावा लागतो. पिनकोड चार आकडे आणि दोन अक्षरांचा, आणि तो व घरक्रमांक मिळून घर पक्कं ठरतं. रस्त्याचं नाव नुसतं सोबतीला. एसए, एसडी आणि एसएस या जोड्या मुद्दाम वगळल्या आहेत. युद्धाच्या आठवणी कुणाच्या पत्त्यात नकोत, ही मला त्या व्यवस्थेतली सर्वांत सभ्य गोष्ट वाटते. घरक्रमांकाच्या शेपटीकडे मात्र लक्ष हवं. २४-एचएस म्हणजे तळमजला, २४-२ म्हणजे वरचा. अमेरिकन बँकांचे फॉर्म ही शेपटी गिळतात आणि नवं कार्ड खालच्या बिऱ्हाडात पोचतं.

मग पत्र वाचायचं. भाषांतर करणारं ॲप भाषा सोडवतं, आकडे सोडवत नाही. ०४-०५ म्हणजे ४ मे, अमेरिकन डोळा ५ एप्रिल वाचतो आणि महिनाभर आधी जाऊन बंद काउंटर बघतो. १.२५० युरो म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. पूर्णविराम हजाराचा, स्वल्पविराम दशांशाचा. कारागीर ‘आठवडा २४ मध्ये येऊ’ असं कळवतो, आणि इथे तो आठवडा कुठला हे सगळ्यांना ठाऊक असतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक दाखवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

सगळ्यात प्रसिद्ध पाकीट निळं. ते कर खात्याचं. सरकारने ते बंद करायचं मनावर घेतलं होतं, पण इंटरनेट न वापरणाऱ्यांची अडचण पुढे आली आणि निळं पाकीट राहिलं. ते उघडायला लोक घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात बहुधा तारीख आणि सोळा आकडी संदर्भ क्रमांक एवढंच असतं. पैसे भरताना तो क्रमांक जसाच्या तसा घालायचा. एक आकडा चुकला तर पैसे खात्यात पोचतात पण तुमच्या नावावर लागत नाहीत, आणि पुढचं पाकीट दंडाचं येतं. देशात आलात त्या वर्षाचं विवरणपत्र वेगळं आणि बरंच लांब असतं. त्याची मुदतही नेहमीची १ मे नसून १ जुलैच्या आत असते. चेकबुक शोधू नये. चेक तिथे कधीच गेले, आणि अमेरिकेतून आलेला डॉलरचा चेक वटवून देणारी डच बँक सापडत नाही.

तिकडून खास बोलावून आणलेल्या नोकरदाराला एक चांगलं पत्रही येतं. नोकरी लागल्यापासून चार महिन्यांत मालकासह अर्ज केला तर पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतचा भाग पाच वर्षं करमुक्त धरण्याचा निर्णय मिळतो. २०२७ पासून तो २७ टक्के होतो. या कागदाचा खरा विनोद रस्त्यावर कळतो. अमेरिकन लायसन नोंदणीनंतर १८५ दिवस चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा पहिल्यापासून द्यायच्या, वीस वर्षं गाडी चालवलेली असली तरी. मात्र करसवलतीचं पत्र दाखवलं की प्रकृतीचं प्रतिज्ञापत्र जोडून तेच लायसन परीक्षेविना बदलून मिळतं, कुटुंबाचंही. कर कमी भरणाऱ्याचा ब्रेकवरचा पाय अधिक पक्का असतो, असा यातून कुणी अर्थ काढला तर त्याला दोष देता येत नाही.

नोकरीची बाकी पत्रं शांत असतात. मे महिन्यात वर्षाच्या पगाराच्या ८ टक्के सुट्टीचा भत्ता येतो. सहा महिने किंवा जास्त मुदतीचा करार संपायच्या निदान महिनाभर आधी, पुढे ठेवणार की नाही हे मालकाने लेखी कळवायचं. उशीर झाला तर उशिराच्या प्रमाणात महिन्याच्या पगारापर्यंत भरपाई द्यायची. जिथे शुक्रवारी दुपारी खोका भरून घरी पाठवतात त्या देशातून आलेला माणूस हे कलम दोनदा वाचतो. सहकाऱ्याला मूल झालं की फटीतून जाड कागदाचं कार्ड पडतं, त्यात बाळाचं वजन आणि कधीकधी बाळबाळंतिणीच्या झोपेची वेळही. म्हणजे त्या वेळात येऊ नका. इतर वेळीही विचारल्याशिवाय जायचं नसतं.

स्वतःचा धंदा करणारे अमेरिकन १९५६ च्या अमेरिका-नेदरलँड्स मैत्री कराराखाली येतात. ४,५०० युरोंचं भांडवल धंद्यात घालायचं आणि ते परवाना आहे तोवर तिथेच ठेवायचं. मध्येच घरभाड्याला वापरलं की नूतनीकरण अडतं. व्यापार नोंदणीत घरचाच पत्ता दिलेला असतो, तो उघड होतो, आणि आठवड्याभरात सरकारी वाटणारी बिलं पडू लागतात : अमुक नोंदवहीत नाव घातलं, दीड-दोनशे युरो भरा. तळाशी बारीक अक्षरांत हा ‘प्रस्ताव’ असल्याचं लिहिलेलं असतं. खरी नोंदणी फी एकदाच असते, दरवर्षी नसते. ती पत्रं सरळ कागदाच्या कचऱ्यात टाकावीत. कर खात्याकडून दोन क्रमांक येतात; बिलावर छापायचा तो विक्रीकराचा ओळख क्रमांक, दुसऱ्यात बीएसएन दडलेला असतो, तो फक्त कर खात्यासाठी. तिमाहीत एक युरोसुद्धा मिळाला नाही तरी शून्याचं विवरण भरायचं.

आरोग्याचंही तसंच. अमेरिकन माणूस दरवर्षी सर्वांगीण तपासणी मागायला डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर विचारतो, तुम्हाला होतंय काय? काहीच नसेल तर घरी जा. पण ५५ ते ७५ वयात दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचा संच आपोआप दारातून आत येतो, नळीसह आणि तिकीट न लागणाऱ्या पाकिटासह. विमा मात्र स्वतः घ्यायचा असतो, चार महिन्यांच्या आत. वर्षाला ३८५ युरोंपर्यंतचा खर्च आपला, घरच्या डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत.

पाणी मंडळांची पत्रंही वाचण्यासारखी असतात. देशात अशी २१ मंडळं आहेत, बांध आणि सांडपाणी त्यांच्याकडे. सांडपाण्याच्या करात एकटा राहणारा एक एकक मोजला जातो आणि दोन माणसांचं घर थेट तीन. लग्नाचा हा हिशेब कुणी आधी सांगत नाही. पण त्याच मंडळाच्या निवडणुकीचं मतदानाचं कार्डही न मागता दारात पडतं, परदेशी नागरिकालासुद्धा, वैध परवाना असला की पुरे. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत मतदार म्हणून नाव घालायला अर्ज लागतो. इथे पहिलं मत बहुधा बांधाच्या उंचीसाठी दिलं जातं, आणि तेही आयतं.

मायदेश काही सुटत नाही. नेदरलँड्स पत्त्याच्या मागे येतं, अमेरिका पासपोर्टाच्या. डच कर भरूनही अमेरिकन विवरण दरवर्षी द्यायचं. परदेशात राहणाऱ्याला मुदत १५ जून. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळा अहवाल. डच बँकही अमेरिकन करक्रमांक मागणारं पत्र पाठवते, न दिल्यास खातं गोठू शकतं, आणि गुंतवणुकीचं खातं पुष्कळ बँका उघडूनच देत नाहीत. तान्हेपणी अमेरिकेत जन्मून महिन्याभरात परत आलेल्या अस्सल डच माणसांनाही अशी पत्रं आली आहेत; आपण अमेरिकन आहोत हे त्यांना चाळिशीत कळलं.

उरलेली पत्रं दुसऱ्यांची. भाड्याचं घर म्हटलं की आधीच्या तीन बिऱ्हाडांची निळी पाकिटं येत राहतात. ती उघडायची नाहीत, फेकायचीही नाहीत. पत्त्यावर काट मारून ‘रटूर आफझेंडर’ (पाठवणाऱ्याकडे परत) लिहायचं आणि नारिंगी पेटीत टाकायचं. तरी येतच राहिली तर आधीचा भाडेकरू अजून तुमच्याच पत्त्यावर नोंदलेला असण्याची शक्यता असते. मग नगरपालिकेला कळवून पत्त्याची चौकशी मागावी, कारण नोंदीत घरात दोन माणसं दिसली की पाणी मंडळ तीन मोजतं.