फोटोत नसणारी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. युवा महोत्सव जवळ आला की हा प्रश्न ठरलेलाच: "एवढं नाटकाचं वेड, मग स्टेजवर का जात नाहीस? विंगेतनं वाक्यं पुरवून काय मिळतंय?" आत्यानं तर गेल्या वर्षीचा फोटो बघून विचारलं, "ह्यात तू कुठं हाईस गं?" नाहीच. प्रॉम्प्टर फोटोत नसतो. कोल्हापूरनं गायकनट संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव नाट्यगृहाला दिलं. प्रॉम्प्टरच्या नावानं साधा बोळसुद्धा नाही.

मी बी.ए.ला, मराठी घेऊन. वर्गात नाटक शिकतो ते परीक्षेच्या बेतानं: कथानक, संघर्ष, व्यक्तिरेखा, पाच मार्कांची टीप. पण वाक्य माणसाच्या तोंडात गेलं की त्याचं काय होतं, हे तालमीतच कळतं. आमच्या एकांकिकेत एक वाक्य होतं, "आबा गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी दोन शब्द धड बोलल्याचं मला आठवत नाही." मुलगा रोज तिथंच अडखळायचा आणि पाठांतरावरून बोलणी खायचा. मी ते मोठ्यानं म्हणून बघितलं. शेवटाला पोचेपर्यंत दमच पुरत नव्हता. मग केलं, "आबा गेले. तेव्हापासून कुणी धड बोललंय माझ्याशी?" गाडी सुटली.

सगळ्यात अवघड काम वाक्य पुरवण्याचं नाहीच, न पुरवण्याचं आहे. नट थांबला तर तो पॉज आहे की विसरलाय? पॉज असताना शब्द टाकला तर प्रसंगाची माती होते. विसरलेला असताना गप्प बसलं तर नटाची. संहितेत पेन्सिलनं खुणा असतात, पण प्रयोगाला खुणांवर भागत नाही. मी हात बघते. ठरवून थांबलेल्याचे हात काहीतरी करत राहतात, कप फिरवतात, पदर चाचपतात. विसरलेल्याचे हात जिभेच्या आधी थांबतात. तेव्हा पहिला शब्द द्यायचा, तेवढाच. अख्खं वाक्य दिलं तर तो आणखी गोंधळतो.

8 ऑगस्ट 2024 ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 चं पॅलेस थिएटर. पुढं कित्येक दिवस जो तो तिथं पाहिलेल्या नाटकांबद्दल, नटांबद्दल बोलत होता. शंभर वर्षं त्या विंगेत कोण कोण संहिता धरून उभं राहिलं, त्यातलं एक नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. राग नाही, पण लक्षात राहिलं.

यंदा संहिता मीच लिहितेय. प्रॉम्प्टिंगही मीच करणार म्हटल्यावर दिग्दर्शक नको म्हणतोय. ऐन प्रयोगात मी विंगेतनं सुधारलेलं वाक्य देईन, अशी त्याला भीती आहे. अगदीच खोटी नाही.