धबधबा रात्री किती वाजता बंद करता?

नायगाऱ्याला राहायला आले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात मला धबधब्याजवळच्या एका माहिती खिडकीवर हंगामी काम मिळालं. नकाशे द्यायचे, बोटीची रांग कुठे ते दाखवायचं आणि दिवसातून चाळीस वेळा स्वच्छतागृहाकडे हात करायचा. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी खिडकीत वाकून अगदी गंभीरपणे विचारलं, “धबधबा रात्री किती वाजता बंद करता?”

मी म्हटलं, “तो बंद होत नाही सर, नदी आहे ती.” बिचारे ओशाळून गेले. त्यांची पाठ वळताच मी आणि माझ्याबरोबरची कॉलेजातली मुलगी पोट धरधरून हसलो. मागे आमचे एक वयस्कर सहकारी माहितीपत्रकं मोजत बसले होते. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. मान वर न करता ते म्हणाले, “दहाला. पण अर्धाच.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण तसा करारच आहे, कॅनडा आणि अमेरिकेतला, १९५० चा. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी आठ ते रात्री दहापर्यंत धबधब्यावरून सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी पडलं पाहिजे. त्यानंतर ऑक्टोबर संपेपर्यंत ही वेळ रात्री आठपर्यंतच. एरवी, म्हणजे रात्री आणि सबंध हिवाळाभर, ५० हजार घनफूट पुरे. बाकीचं पाणी धबधब्याच्या वरच्या अंगालाच बोगद्यांमध्ये वळतं आणि दोन्ही काठांवरच्या वीजकेंद्रांकडे जातं. रात्री विजेची मागणी कमी असते, तेव्हा त्यातलं काही पंपांनी साठवण तलावात चढवून ठेवतात आणि दिवसा गरज पडली की खाली सोडतात. पाण्याचं हे माप सांभाळायला नदीत अठरा दरवाज्यांचं एक लांब बांधकाम आहे. कॅनडाच्या काठावरून निघतं आणि नदीतच मध्येच संपतं. मी ते येताजाता रोज बघत होते. कुणीतरी पूल बांधायला घेतला आणि पैसे संपले असावेत, अशी माझी समजूत. विचारलं कुणालाच नाही, कारण इथेच राहणाऱ्या बाईने असलं काय विचारायचं!

त्या दिवशी सहकाऱ्यांची कळी खुलली. त्यांनी सांगितलं, अमेरिकेच्या बाजूचा धबधबा १९६९ मध्ये जून ते नोव्हेंबर चक्क कोरडा होता. अमेरिकेच्या लष्कराच्या अभियंत्यांनी वर बांध घालून सगळं पाणी कॅनडाच्या बाजूला, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या धबधब्याकडे ढकललं होतं. पायथ्याशी कोसळलेल्या दरडींचा ढीग साचला होता, तो काढता येईल का हे तपासायचं होतं. बरीच तपासणी झाल्यावर दगड आहेत तिथेच राहू द्यावेत असं ठरलं, बांध काढला आणि पाणी परत आलं. मधल्या काळात न पडणारा धबधबा बघायला लोक येत होते. आणि १८४८ च्या मार्चअखेरीस तर करार नाही, अभियंते नाहीत, तरी पाणी थांबलं. नदी ज्यातून निघते त्या इरी सरोवराच्या मुखाशी बर्फ अडकून नदीच तुंबली. आवाज बंद झाला म्हणून गावातले लोक जागे झाले म्हणतात. मग कोरड्या पात्रात उतरून हिंडले, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १८१२ च्या युद्धातल्या वस्तू गोळा केल्या.

त्यानंतर मी हसण्याआधी थोडी थांबायला लागले. एकदा एक मराठी काका-काकू आले. काकांनी आवाज खाली आणून विचारलं, “हसू नकोस हं बाळ, पण वर कुठे साबणाचा कारखाना आहे का? खाली केवढा फेस आहे बघ.” काकू म्हणाल्या, “अहो, काहीतरी काय विचारता!” फेस कारखान्याचा नसतो. पाण्यात कुजलेल्या वनस्पतींचे आणि सूक्ष्म शेवाळांचे कण असतात, इतक्या उंचावरून आपटल्यावर ते घुसळले जातात. पण काकांचा संशय अगदी हवेतला नव्हता. याच नदीच्या अमेरिकन काठाजवळ, धबधब्याच्या वरच्या बाजूला, लव्ह कॅनॉल नावाच्या खंदकात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला होता. त्यावर वस्ती झाली, शाळा झाली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली. हे सांगितल्यावर काकांनी काकूंकडे असं पाहिलं, की तो फोटो काढायला हवा होता.

“नकाशात नदी खालून वर का जाते?” यालाही लोक हसतात. पण विचारणाऱ्याने निदान नकाशा उघडून पाहिलेला असतो. नदी इरीकडून ओंटारिओ सरोवराकडे, म्हणजे खरोखरच उत्तरेला वाहते. “पाण्यात हिरवा रंग घालता का?” हा तर रोजचा प्रश्न. रंग विरघळलेल्या क्षारांचा आणि झिजलेल्या खडकाच्या पिठाचा. अर्थात सगळेच प्रश्न असे निघत नाहीत. बोटीवर भिजलो तर पैसे परत मिळतात का, असं विचारणाऱ्या बाईंच्या अंगावर बोटीवाल्यांनीच दिलेला रेनकोट होता. याच्या मागे काय शहाणपण आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

एका रात्री मी मुद्दाम पावणेदहाला कठड्याशी जाऊन उभी राहिले. दहा वाजले, सव्वादहा, साडेदहा. रंगीत दिवे पडले होते, तुषार अंगावर येत होते, आणि मला काही म्हणजे काही फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना विचारलं, “अर्धं पाणी जातं, तर दिसत का नाही?” आणि लगेच वाटलं, आता हे हसणार.

ते हसले नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि नालेचा आकार काढला. १९५० च्या दशकात दोन्ही टोकांना खडक खोदून पाणी कडेपर्यंत पसरेल अशी सोय केली होती, म्हणजे पाणी कमी झालं तरी पडदा कुठे फाटू नये. “दिसू नये म्हणूनच तर तेवढं काम केलं,” ते म्हणाले. “सत्तावीस वर्षं नोकरी केली. हे मला कुणी विचारलंच नाही.”

मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि बोगदे काढायला लागले. खिडकीपुढे रांग लागली होती.